वारुळाचा मालक कोण?

आमचं शेत पांढरकवड्यापासून सहा-सात किलोमीटरवर. जमीन काळी, पीक कापूस आणि तूर. पूर्वेकडच्या धुऱ्यावर मोहाच्या झाडाजवळ एक वारूळ आहे. मी सहावीत होते तेव्हा ते माझ्याहून उंच होतं. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायच्या निमित्तानं मोठ्या माणसांच्या मागे शेतात जायचं आणि ओटीत पावभर कापूस पडला की वारुळाकडे पळायचं, हा माझा नेम. एकदा मी तुराटीनं त्याला मनगट जाईल एवढं भोक पाडलं. आतून फिकट, मऊ किडे भराभर बाहेर आले, उजेडात गोंधळले आणि परत आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर भोक बुजलेलं. नवी माती तेवढी ओली आणि गडद होती, म्हणून जागा ओळखता आली.

"आजी, हे कोनं केलं?"

"उधईनं."

"पन तिले सांगतलं कोनं?"

"आत राणी असते न. थेच सांगते."

हे उत्तर मला पटलं. शेताला मालक असतो, गावाला पाटील असतो, शाळेला हेडमास्तर असतो. तशी वारुळाला राणी. पुढे नागपुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि शिकवायलाही लागले, तरी हे उत्तर डोक्यातून गेलं नव्हतं. ते गेलं ते छोट्या रोबोंच्या टोळ्यांबद्दल वाचायला लागले तेव्हा. एकेकटा पाहिला तर खेळण्याहून फारसा हुशार नसलेला रोबो, पण असे पाच, पन्नास, हजार एकत्र आले की त्यांच्या हातून रचना उभी राहते. ही विद्या माणसानं कुठून उचलली, हे शोधत मागे मागे गेले तर वाट पुन्हा वारुळापाशीच आली. त्या वाटेचा हा इतिहास. त्यात आमच्या कापसाचाही थोडा भाग आहे. तो सांगितल्याशिवाय मला हा लेख पुरा करता येणार नाही.

*

आजीचा समज तिचा एकटीचा नव्हता. मधमाश्यांच्या पोळ्यात जी मोठी माशी दिसते तो 'राजा', असं ॲरिस्टॉटलपासून युरोपात मानलं जात होतं. १६०९ साली चार्ल्स बटलर या इंग्रज पाद्र्यानं मधमाश्यांवरच्या पुस्तकात तो राजा नसून राणी असल्याचं ठासून सांगितलं. त्याच शतकात डच शास्त्रज्ञ यान स्वामरडाम यानं सूक्ष्मदर्शकाखाली तिचं शवविच्छेदन करून आतलं बीजकोश दाखवलं. राजाची राणी झाली, पण ती राज्य करते ही कल्पना तशीच राहिली. ज्या समाजात सिंहासन असतं त्याला पोळ्यातही सिंहासन दिसतं.

वारुळातली राणी प्रत्यक्षात एका बंद कोठडीत पडून असते. पोट फुगून तिला धड हलताही येत नाही. तिचं काम अंडी घालणं. धुऱ्यावरच्या वारुळाला कुण्या पोरीनं भोक पाडलंय हे तिला कळण्याची सोय नाही, आणि कळलं तरी हुकूम पोचवण्याची तर नाहीच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीचा कित्येक दशकं अभ्यास केला. आपल्या घरांच्या वळचणीला कागदासारखं छोटं घरटं करते ती ही माशी. तिची राणी शांत, जवळजवळ बैठी असते. त्यांच्या गटानं राणी काढून घेऊन पाहिलं, तरी कामकरी माश्यांचं अन्न आणणं काही थांबलं नाही. काम कधी आणि किती करायचं हे त्या आपसातच ठरवत होत्या.

मग वारूळ बांधायला सांगतं कोण? याचं पहिलं नेमकं उत्तर दिलं फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी, १९५९ साली. आफ्रिकेतल्या वाळवीचं मोडलेलं घर ती पुन्हा कसं बांधते हे ते बारकाईनं पाहत होते. सुरुवातीला कामकरी मातीच्या गोळ्या तोंडात धरून कुठेही टाकत सुटतात. त्यात क्रम नसतो. पण योगायोगानं एका जागी दोन-चार गोळ्या पडल्या की ती जागा पुढच्या कामकऱ्याला ओढून घेते आणि तोही आपली गोळी तिथेच ठेवतो. ढिगाचा खांब होतो. जवळ दुसरा खांब असेल तर दोन्ही एकमेकांकडे झुकतात आणि कमान जुळते. कामकऱ्यानं दुसऱ्या कामकऱ्याशी बोलायची गरजच नाही. त्यानं केलेलं काम पाहिलं की पुढचं काम समजतं. ग्रासे यांनी खूण आणि काम या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून याला 'स्टिग्मर्जी' असं नाव दिलं. मी वर्गात 'खुणेतून काम' म्हणते.

आपल्याकडची वारुळं बव्हंशी ओडोन्टोटर्मिस ओबेसस या जातीची. भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस, तेजस मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या बांधकामाचा अभ्यास केला. स्थापत्य अभियंता मातीची जशी परीक्षा घेतो तशी त्यांनी वाळवीच्या मातीची घेतली, आणि २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. माती किती ओली आहे यावर गोळी वळते की नाही हे ठरतं, आणि त्याची नीट पारख या आंधळ्या किड्याला असते. आजी चुलीला पोतेरा देताना वारुळाची माती आणायची, त्यामागचं शास्त्र तिला ठाऊक नव्हतं, पण गुण ठाऊक होता.

*

इकडे यंत्रांची गोष्ट वेगळ्या टोकाकडून सुरू झाली होती. १९४८-४९ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलला विल्यम ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञानं दोन यांत्रिक कासवं बनवली. नावं एल्मर आणि एल्सी. तीन चाकं, एक प्रकाश ओळखणारा डोळा, धक्का लागला की कळवणारं कवच, आणि मेंदूच्या जागी रेडिओत असतात तसल्या फक्त दोन व्हॉल्व्ह. उजेड दिसला की त्याकडे जायचं, फार प्रखर झाला की टाळायचं, अडलं की वळायचं. वॉल्टरनं दोघांच्याही डोक्यावर दिवा बसवला होता आणि त्यांची जोडणी अशी होती की समोर उजेड दिसला की स्वतःचा दिवा विझे. दोन्ही कासवं समोरासमोर आली तेव्हा एक दुसऱ्याकडे ओढलं जाई, दिवा विझे, ओढ संपे, दिवा पुन्हा लागे. पाहणाऱ्याला वाटे, यांचा नाच चाललाय. नाच तर कुणीच लिहिलेला नव्हता. दोन यंत्रांच्या साध्या नियमांची एकमेकांशी गाठ पडली आणि तो घडला.

पण त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षं रोबोशास्त्र दुसऱ्याच दिशेनं गेलं. एकच मोठा यांत्रिक मेंदू, त्यात जगाचा नकाशा, आधी विचार आणि मग हालचाल. असे रोबो खोलीतलं टेबल ओलांडायला तासन् तास घेत. या मार्गाला ऐंशीच्या दशकात एमआयटीच्या रॉडनी ब्रूक्सनं आव्हान दिलं. किड्यांसारखी साधी, स्वस्त यंत्रं करा आणि पुष्कळ करा, असं त्याचं म्हणणं. १९८९ मध्ये अनिता फ्लिन यांच्यासोबत लिहिलेल्या निबंधात तर त्यानं दुसऱ्या ग्रहांवर एका महागड्या यानाऐवजी छोट्या रोबोंची टोळीच पाठवा असं सुचवलं. याच सुमाराला, १९८७ मध्ये क्रेग रेनॉल्ड्सनं संगणकाच्या पडद्यावर पक्ष्यांचे थवे उडवले. प्रत्येक पक्ष्याला नियम तीन: शेजाऱ्याला धडकू नको, शेजारी जातात त्या दिशेनं जा, शेजाऱ्यांपासून फार लांब पडू नको. थवा म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. १९८९ मध्ये जेरार्दो बेनी आणि जिंग वांग यांनी रोबोंच्या संदर्भात 'स्वॉर्म इंटेलिजन्स', म्हणजे थव्याची बुद्धी, हा शब्द रूढ केला.

वारूळ आणि यंत्र यांची खरी भेट झाली ती १९९४ मध्ये. राल्फ बेकर्स, ओवेन हॉलंड आणि जाँ-लुई देनबूर्ग यांनी ग्रासे यांची कल्पना जशीच्या तशी यंत्रात उतरवली. जमिनीवर ८१ चकत्या समान अंतरानं मांडल्या. काही छोटे रोबो सोडले. प्रत्येकापुढे अर्धगोल फावडं. नियम असे: सरळ चालत राहा. भिंत किंवा दुसरा रोबो आडवा आला तर वळ. फावड्यापुढे तीन किंवा जास्त चकत्यांचा भार जाणवला तर त्या तिथेच सोड, मागे ये आणि वाटेल त्या दिशेला वळ. एवढंच. 'ढीग कर' असं कुठेही सांगितलेलं नाही. रोबोला ढीग दिसतच नाही. तरी थोड्या वेळानं छोटे छोटे ढीग होतात, मग त्यातले काही विरतात, काही वाढतात, आणि शेवटी सगळ्या चकत्या एकाच ढिगात येतात.

असं का होतं, हे कागदावर समजायला मला वेळ लागला. म्हणून २०१५ च्या दिवाळीत पाच रोबो घेऊन घरी आले. प्रत्येकात दोन मोटरी, अडथळा ओळखणारा एक इन्फ्रारेड सेन्सर आणि फावड्यामागे स्प्रिंग लावलेला एक छोटा स्विच. चकत्यांऐवजी वाळू भरलेल्या लहान डब्या. आमच्या ओसरीच्या शहाबादी फरशीवर त्या मांडल्या आणि रोबो सोडले.

पहिला तासभर नुसता गोंधळ. एकाची स्प्रिंग अडकली, तो भिंतीलाच डोकं लावून बसला. मग हळूहळू कारण दिसायला लागलं. मोठ्या ढिगावर रोबो समोरून धडकला की भार जास्त, स्विच दाबला जातो, आणि त्यानं आणलेली डबी तिथेच राहते. छोट्या ढिगाची एखादी डबी मात्र रोबो जाता जाता कडेनं उचलून नेतो. म्हणजे मोठा ढीग घेतो जास्त, देतो कमी. छोटा ढीग देतो जास्त. मोठा वाढतो, छोटा संपतो. ढिगाचा आकार हाच पुढच्या रोबोला दिलेला निरोप.

बाबा खुर्चीवर बसून बघत होते. त्यांनी चपलेनं ढिगातल्या दोन डब्या लांब सरकवल्या. थोड्या वेळानं त्या परत ढिगात आल्या. पुन्हा सरकवल्या, पुन्हा आल्या. मी विचारलं, "कसं वाटते?"

"भारी हाय. पन ह्यायचा मालक कोन वं? का कोनीच नाही?"

"कोणीच नाही बाबा. तीच तर गंमत आहे."

"अशी कशी गंमत? तीन डब्या झाल्या का थांबा, हे कोनं ठरवलं?"

मी हसून सोडून दिलं. प्रश्न मात्र राहिला.

*

खुणेतून काम करण्याचा एक मोठा धोका मुंग्यांनी दाखवून दिला आहे. ब्रसेल्समध्ये देनबूर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९-९० च्या सुमारास अर्जेंटिनी मुंग्यांपुढे घर आणि अन्न यांच्यामध्ये दोन पूल ठेवले, एक आखूड, एक लांब. मुंगी चालताना वास सोडते आणि वास दाट असेल तिकडे वळते. आखूड पुलावरून गेलेल्या मुंग्या लवकर परततात, त्यामुळे त्यावर वास लवकर दाट होतो आणि बहुतेक मुंग्या तिकडे वळतात. कुठल्याही मुंगीनं दोन अंतरांची तुलना केलेली नसते. ती तुलना झालेली असते पुलावर.

आता हाच प्रयोग थोडा बदलून. आधी फक्त लांब पूल ठेवला आणि आखूड पूल अर्ध्या तासानं जोडला. मुंग्या लांब पुलावरूनच जात राहिल्या. चांगला रस्ता समोर होता, पण जुन्या रस्त्यावरचा वास इतका दाट झाला होता की नव्याकडे वळणाऱ्या दोन-चार मुंग्यांनी काही फरक पडेना. मार्को डोरिगोनं १९९२ मध्ये मुंग्यांवरून संगणकासाठी जी पद्धत बेतली, तिच्यात म्हणून एक महत्त्वाची सोय आहे. खूण ठरावीक वेगानं उडून जाते. टोळीला लक्षात ठेवता यावं लागतं तितकंच विसरताही यावं लागतं. विसरणं जमलं नाही तर लष्करी मुंग्यांसारखी गत होते. मुख्य ओळीपासून तुटलेल्या या मुंग्या कधी कधी एकमेकींच्या वासामागे गोल फिरत राहतात. विल्यम बीब यांनी असं एक वर्तुळ १९२१ साली वर्णिलं आहे. पुष्कळशा मुंग्या चालता चालताच मरून पडल्या. प्रत्येकीनं नियम बरोबर पाळला होता.

पुढच्या दोन दशकांत ही विद्या झपाट्यानं वाढली. २००१ ते २००५ या काळात डोरिगोच्या नेतृत्वाखाली युरोपात 'स्वॉर्म-बॉट्स' प्रकल्प झाला. त्यातले तळहाताएवढे रोबो एकमेकांना पकडून साखळी करत आणि एकट्याला न ओलांडता येणारी फट ओलांडत. त्यांनी साखळी करून एका लहान मुलीला फरशीवरून ओढत नेल्याची चित्रफीत प्रसिद्ध आहे. २००५ मध्ये बंगळुरूलाच के. एन. कृष्णानंद आणि देवाशीष घोष यांनी काजव्यांवरून एक पद्धत मांडली. प्रत्येक रोबोजवळ चमक असते. जिथे तो उभा आहे तिथे शोधत असलेली गोष्ट, समजा वायूची गळती, जास्त जाणवली तर चमक वाढते. शेजारचा रोबो आपल्याहून उजळ शेजाऱ्याकडे सरकतो. चमक इथेही हळूहळू ओसरते. नजरेचा पल्लाही गर्दीप्रमाणे लहान-मोठा होतो, म्हणून सगळे एकाच दिव्याभोवती गोळा होत नाहीत. टोळीचे गट पडतात आणि एका वेळी अनेक गळत्या सापडतात. मृगाच्या तोंडावर शेताकडच्या झाडावर काजवे लुकलुकतात तेव्हा मला आता हे आठवतं.

२०१४ हे या इतिहासातलं मोठं वर्ष. अमृतसरमध्ये वाढलेल्या राधिका नागपाल यांच्या हार्वर्डमधल्या गटानं त्या वर्षी दोन गोष्टी जगापुढे ठेवल्या. फेब्रुवारीत 'टर्मीस': जस्टिन वर्फेल, कर्स्टिन पीटरसन आणि नागपाल यांचे वाळवीवरून सुचलेले रोबो. ते विटा वाहतात, रचलेल्या विटांवरच चढतात आणि पुढची वीट ठेवतात. एकमेकांशी बोलत नाहीत. एखादा मधूनच उचलून नेला तरी काम अडत नाही. ऑगस्टमध्ये 'किलोबॉट': मायकल रुबेनस्टाइन, अलेहांद्रो कोर्नेहो आणि नागपाल यांची १,०२४ रोबोंची टोळी. एकेक रोबो ३.३ सेंटिमीटर रुंद, सुट्या भागांची किंमत सुमारे १४ डॉलर, तीन ताठ पायांवर थरथरत सरकणारा. आपण कुठे आहोत हे त्याला माहीत नसतं. म्हणून चार रोबो आधी खुंटीसारखे रोवले जातात. इतर प्रत्येक जण शेजाऱ्यांचे आकडे ऐकतो आणि त्यातल्या सर्वांत लहान आकड्यात एक मिळवून तो स्वतःचा आकडा मानतो. खुंटीपासून आपण किती घरं लांब, हे असं कानोकानी कळतं. मग कडेकडेनं सरकत ते जागा धरतात. एक चांदणी व्हायला बारा तासांच्या आसपास लागतात. वाटेत कुणी अडला, मागे कोंडी झाली, तर शेजारीच ते ओळखतात.

हे सगळं वाचताना बाबांचा प्रश्न पुन्हा पुढे आला. किलोबॉटमधल्या प्रत्येकाच्या पोटात चांदणीचं चित्र होतं. ते कुणी ठेवलं? टर्मीसमध्ये तर आधी माणूस इमारतीचं चित्र देतो आणि संगणक त्यावरून रोबोंसाठी रहदारीचे नियम काढून देतो. २९ जानेवारी २०२२ ला दिल्लीत बीटिंग रिट्रीटच्या वेळी आकाशात हजार ड्रोन चमकले. आमच्या घरी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. अशा खेळात बहुधा प्रत्येक ड्रोनचा मार्ग आधीच आखून दिलेला असतो. तो थवा नव्हे, ती कवायत. कवायतीत हुकूम देणारा दिसतो. थव्यात तो दिसत नाही, कारण त्याचा हुकूम आधीच नियम होऊन प्रत्येकाच्या आत जाऊन बसलेला असतो. नेता नसणं आणि मालक नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळवीचे नियम दहा कोटींहून अधिक वर्षांच्या निवडीनं लिहिले आणि चुकीचे नियम वारुळासकट नष्ट झाले. ओसरीवरच्या रोबोंचे नियम मी लिहिले होते. तीन डब्यांचा आकडा बेकर्स आणि मंडळींचा. पण त्याला स्विच दाबला जावा म्हणून स्प्रिंग किती ताणायची, हे ठरवणारी मी.

*

आता कापसाची गोष्ट.

२००२ मध्ये बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली, २००६ पासून दुसऱ्या पिढीचं बियाणं आलं. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, बिगर-बीटी सरकीचं. ते शेताच्या कडेनं निदान पाच तासं लावायचं, असा नियम. कारण साधं आहे. बीटी खाऊन जगलेली एखादी चिवट अळी असतेच. तिच्या पतंगाला जोडीदारही तसाच चिवट मिळाला तर पुढची पिढी चिवट होते. कडेच्या साध्या कापसावर साध्या अळ्या वाढल्या, तर त्यांचे पतंग चिवटांशी जुळतात आणि चिवटपणा पातळ होत जातो. म्हणजे ही पाच तासं अळीसाठी सोडायची, गावाच्या भल्यासाठी.

ती तासं कुणी लावली नाहीत. आमच्याकडेही नाही. मी पाकिटातला कागद वाचला होता, बाबांना एकदा सांगितलंही. ते म्हणाले, "पाच तासं अळीले देऊ? बाजूवाला देते काय?" मी पुढे बोलले नाही. वर्गात मात्र सांगत होते, की टोळीतल्या प्रत्येक रोबोनं नियम पाळला तरच रचना उभी राहते. छोटी पाकिटं कोनाड्यात साठत गेली.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळी आली. वरून बोंड चांगलं दिसे, फोडलं की आत किडलेली कवडी. त्याच पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. आमच्या घरी जीव गेला नाही, कापूस गेला. बाबा अख्ख्या तासाच्या डोमकळ्या तोडून पिशवीत भरत होते. त्या गोळा करून नष्ट करायच्या असतात. ते पाहताना मला कोनाडा आठवला.

कोणतं बियाणं घ्यायचं, हेही आमच्याकडे वासावरच ठरतं. कृषी केंद्रावर गेल्यावर बाबा पहिलं विचारतात, "यंदा लोक काय नेऊन राह्यले?" ग्लेन डेव्हिस स्टोन या मानववंशशास्त्रज्ञानं इथून दक्षिणेला, वरंगल जिल्ह्यात वर्षानुवर्षं हेच पाहिलं आणि २००७ साली लिहिलं: एका गावात एक वाण एकदम सगळ्यांचं होतं आणि पुढच्या हंगामात दुसरंच, शेतातल्या अनुभवाशी त्याचा मेळ लागत नाही. वाणं इतकी आणि इतक्या लवकर बदलणारी, की स्वतःच्या शेतात पारखून घ्यायला वेळच उरत नाही. मग शेजाऱ्याची खूण हीच परीक्षा. मुंग्यांच्या पुलाहून हे वेगळं नाही. एक फरक मात्र आहे: मुंग्यांच्या पुलावर वास मुंग्यांनीच सोडलेला असतो. आमच्या पुलावर दुकानदार, जाहिरात, भिंतीवरचं रंगीत पोस्टर हेही वास सोडत असतात. कामगंध सापळ्यात नर पतंग जातो तो मादीच्या खोट्या वासामागे. तो सापळा आम्ही पतंगांसाठी लावतो, एवढंच.

निसर्गातून शिका, असं या विद्येबद्दल सहज म्हटलं जातं. पण टोळीतले रोबो सहकार्य करतात, कारण त्यांना स्वतःचं असं काही नसतं. डबी ढिगात गेली काय न गेली काय, रोबोचं काही बुडत नाही. वारुळातले कामकरी एकाच आईची पोरं, त्यांचा नफा-तोटा एकत्र. धुऱ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा शेतकरी तसा नाही. पाच तासं सोडली तर नुकसान आज, माझं. फायदा उद्या, सगळ्यांचा. हा हिशेब असलेल्या टोळीसाठी नियम कसा लिहायचा, हे किलोबॉट सांगत नाहीत. आणि नियम पाळला नाही म्हणून दोष सगळा शेतकऱ्याच्या माथी मारणाऱ्यांना मला बाबांचाच प्रश्न विचारावासा वाटतो: पाकिटावरचा नियम लिहिणाऱ्यानं त्या पाच तासांची भरपाई कुठे लिहिली होती?

शास्त्रालाही आपल्या खुणा पुसाव्या लागतात. मातीच्या गोळीतला वास पुढच्या कामकऱ्याला ओढतो हे ग्रासे यांचं मत पुढे अनेकांनी तपासलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्फेल आणि नागपाल हेही होते. त्यात दिसलं की वाळवीला ओढून घेते ती बरेचदा जिथे उकरणं चालू आहे ती जागा. जिथे कामाला लागलेले सोबती आहेत ती जागा. ठेवलेल्या मातीपेक्षा चाललेलं काम मोठं. ज्यांनी वाळवीवरून यंत्रं केली त्यांनीच वाळवीकडे परत जाऊन आपली समजूत दुरुस्त केली, हे मला फार आवडलं.

बोंडअळीनंतरच्या वर्षी कृषी विभागानं सांगितलं, फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. अळीला खायला काही राहिलं नाही तर तिची साखळी तुटते. पण तेही सगळ्यांनी केलं तरच. बाबा म्हणाले, "एकट्यानं उपटून काय होते?" मी म्हटलं, "बाबा, काही होत नसेल तरी उपटू. दिसेल तरी." मी त्यांना ग्रासे सांगितला नाही. ती तीन-चार वेचण्यांची आशा होती, दहा-बारा हजारांची. ती सोडा म्हणणं मला पगारामुळे सोपं होतं, हे मला कळत होतं. नुकसान मी भरून देईन, असंही म्हटलं. ते काही बोलले नाहीत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मजूर लावून त्यांनी पऱ्हाटी उपटली.

जानेवारीत मी गेले तेव्हा आमचं शेत मोकळं होतं. पश्चिमेकडच्या शेजारच्या काकांचंही मोकळं. त्यांनी बाबांना विचारलं नव्हतं, बाबांनीही सांगितलं नव्हतं. "पाहून उपटली असन," बाबा म्हणाले. पूर्वेच्या धुऱ्यापलीकडे मात्र फरदड उभी होती, हिरवी, वर चार-दोन पिवळी फुलं. त्या शेतकऱ्यावर मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं. त्याला कोणत्या तोंडानं काय सांगणार?

धुऱ्यावरचं वारूळ आता माझ्या खांद्याला लागतं. वरचा शेंडा गुरांच्या धक्क्यानं फुटला होता. आम्ही मोहाखाली डबा खाल्ला, निघताना पाहिलं तर फुटक्या कडेला ओल्या मातीची बारीक रेघ उमटली होती.

"लागली कामाले," बाबा म्हणाले, आणि धुऱ्यापलीकडच्या हिरव्या पऱ्हाटीकडे बघत राहिले.